अणुसंमीलनाची वीज : इंधन स्वस्त, यंत्र महाग

कापडाच्या मीटरमागे सूत, मजुरी आणि वीज हे तीन खर्च मोठे. सुताचा भाव बाजार ठरवतो, मजुरी आपसांत बोलून ठरते. पण विजेचा दर वाढला की कारखानदाराच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून वीज तयार करण्याची नवी तऱ्हा निघाल्याची बातमी आली की यंत्रमागवाले आणि व्यापारी ती आवर्जून वाचतात. गेल्या काही वर्षांत अशी एक बातमी वारंवार येत आहे. 'पृथ्वीवर सूर्य', 'समुद्राच्या पाण्यातून वीज' असे तिचे मथळे असतात. या विषयाचे नाव अणुसंमीलन.

हे पान व्यापाराचे आहे. तेव्हा आम्ही येथे व्यापाऱ्याचाच प्रश्न विचारणार आहोत : ही वीज युनिटमागे कितीला पडेल, आणि ती परवडावी म्हणून जगात कोणते प्रयत्न चालू आहेत?

संमीलन म्हणजे काय?

तारापूरच्या अणुवीज केंद्रात युरेनियमचा जड अणू फोडून उष्णता काढतात. संमीलनात याच्या उलट घडते. हायड्रोजनच्या जातीचे दोन हलके अणू एकमेकांत मिसळून एक होतात आणि त्या मिसळण्यात उष्णता बाहेर पडते. सूर्याच्या पोटात हेच चालू असते. पृथ्वीवर त्यासाठी ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जाती सर्वांत सोयीच्या आहेत. दोन्ही मिसळल्या की हेलियम वायू तयार होतो आणि न्यूट्रॉन नावाचा एक कण प्रचंड वेगाने सुटतो. एकूण ऊर्जेचा सुमारे ८० टक्के हिस्सा हा न्यूट्रॉन घेऊन जातो. तो भिंतीत अडवायचा, भिंत तापवायची, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर जनित्र फिरवायचे, अशी ही योजना आहे.

अडचण अशी की हे अणू सहजासहजी जवळ येत नाहीत. त्यांच्यावरचा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. हा विरोध मोडण्यासाठी वायू १० कोटी अंश किंवा त्याहून अधिक तापवावा लागतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश आहे, म्हणजे त्याच्याही कितीतरी पट. एवढ्या तापलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. तो कोणत्याही धातूच्या भांड्यात ठेवता येत नाही. भांड्याला स्पर्श होताच तो थंड पडतो आणि भांड्याचीही खराबी होते.

इंधन महाग नाही

इंधनाचा हिशेब आधी पाहू, कारण बातम्यांचे मथळे त्यावरच बेतलेले असतात. ड्यूटेरियम समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम असते. ते वेगळे काढण्याची विद्या आपल्या देशाला चांगली अवगत आहे. ड्यूटेरियमयुक्त पाण्यालाच जड पाणी म्हणतात, आणि रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे जड पाण्याचा सरकारी कारखाना आहे. तेथील माल आजवर विखंडनाच्या अणुभट्ट्यांसाठी लागत आला आहे.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियमचे एक ग्रॅम मिश्रण पूर्ण जळाले तर सुमारे ९४ हजार युनिट इतकी उष्णता मिळते. उष्णतेची वीज करताना निम्म्याहून अधिक वाया जाते असे धरले तरी एका ग्रॅममागे ३५ हजार युनिटच्या आसपास वीज हाती येईल. कोळशाशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

ट्रिटियमची बाब मात्र वेगळी आहे. तो निसर्गात जवळजवळ मिळत नाही. काही विशिष्ट अणुभट्ट्यांत तो थोडा थोडा तयार होतो, दर सव्वाबारा वर्षांनी निम्मा होऊन जातो, आणि त्याचा भाव ग्रॅममागे सुमारे ३० हजार डॉलर सांगितला जातो. हजार मेगावॅट उष्णता वर्षभर काढायची तर ५५ किलोच्या आसपास ट्रिटियम लागेल. बाजारातून एवढा माल उचलणे शक्यच नाही. म्हणून संमीलनाच्या भट्टीभोवती लिथियम या धातूचे आवरण ठेवायचे, बाहेर पडणारा न्यूट्रॉन त्यावर आदळवायचा आणि भट्टीतच ट्रिटियम बनवून घ्यायचा, असा विचार आहे. भट्टी आपले इंधन आपणच पिकवणार. हे कागदावर जमते. पूर्ण प्रमाणात अजून कोणी करून दाखवलेले नाही.

युनिटचा भाव कसा ठरतो

इंधन जवळजवळ फुकट असेल तर वीजही फुकट पडेल, असा समज होणे साहजिक आहे. पण धंद्यातल्या माणसाला ठाऊक असते की वारा फुकट असला तरी पवनचक्की फुकट येत नाही. ज्या धंद्यात कच्चा माल स्वस्त असतो तेथे सर्व भाव यंत्राच्या किमतीवर, त्या किमतीच्या व्याजावर आणि यंत्र वर्षात किती दिवस चालते यावर ठरतो.

एक हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ गणित समजावे म्हणून धरले आहेत. एक हजार मेगावॅटचे वीज केंद्र वर्षातला ८५ टक्के वेळ चालले तर सुमारे ७४५ कोटी युनिट वीज देते. त्याच्या उभारणीला १ लाख कोटी रुपये लागले आणि व्याज व परतफेड मिळून वर्षाला १० टक्के धरले, तर १० हजार कोटी रुपये दर वर्षी वसूल करावे लागतील. म्हणजे नुसत्या भांडवलापोटी युनिटमागे सुमारे १३ रुपये ४० पैसे. उभारणी ४० हजार कोटींत झाली तर हाच आकडा ५ रुपये ४० पैशांवर येतो, आणि १५ हजार कोटींत झाली तर २ रुपयांवर. आता दुसरी बाजू पाहा. दुरुस्तीसाठी केंद्र निम्मा वेळ बंद राहिले तर हे तिन्ही आकडे सुमारे १.७ पट होतात. पगार, सुटे भाग व देखभाल यांचा खर्च आम्ही यात धरलेलाच नाही.

हे गणित ध्यानात ठेवले की 'स्वस्त संमीलन' या शब्दाचा खरा अर्थ कळतो. प्रयोग थोड्या पैशांत करणे ही फारशी अवघड गोष्ट नाही. दूरचित्रवाणीच्या शोधात ज्यांचे नाव घेतले जाते त्या फिलो फार्न्सवर्थ यांनी १९६० च्या दशकात टेबलावर मावेल असे संमीलनाचे उपकरण बनवले होते, आणि अमेरिकेत शाळकरी मुलांनीही तसली उपकरणे घरी जोडली आहेत. त्यांत अणू खरोखर मिसळतात. पण घातलेल्या विजेच्या मानाने मिळणारी ऊर्जा नगण्य असते. जास्त ऊर्जा बाहेर काढणारे यंत्र, तेही परवडणाऱ्या किमतीत, हा खरा सौदा आहे.

महागड्या यंत्राचे उदाहरण

यंत्र किती महाग होऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे दक्षिण फ्रान्समध्ये उभे राहत असलेले 'ईटर'. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत यांनी २००६ मध्ये त्याच्या करारावर सह्या केल्या. मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळ भांड्यात प्लाझ्मा भरायचा आणि भोवतालच्या चुंबकांनी तो भिंतीपासून अधांतरी धरून ठेवायचा, ही ईटरची पद्धत आहे. अशा यंत्राला 'टोकामॅक' म्हणतात. ही कल्पना १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी काढली.

ईटरचे यंत्र २३ हजार टनांचे आहे. करार झाला तेव्हा बांधणीचा अंदाज ५ अब्ज युरोंच्या घरात होता. पुढे तो २० अब्ज युरोंच्या वर गेला, म्हणजे आपल्या पैशात सुमारे २ लाख कोटी रुपये. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाची सुरुवात २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचा खरा प्रयोग २०३९ मध्ये व्हायचा आहे. प्लाझ्माला ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळवणे हे ध्येय. मात्र ईटर वीज बनवणार नाही. ती केवळ एक मोठी प्रयोगशाळा आहे.

खर्च इतका का फुगला? यंत्र अवाढव्य, हे एक कारण. दुसरे कारण धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल. प्रत्येक देशाने पैशाऐवजी सुटे भाग द्यायचे ठरले, कारण प्रत्येकाला ती विद्या आपल्या घरी हवी होती. एकाच कापडाचा ताणा एका गावात, बाणा दुसऱ्या गावात आणि रंगाई तिसऱ्या गावात करावी असा हा प्रकार झाला. २०२२ मध्ये मुख्य भांड्याच्या भागांच्या कडा नीट जुळत नसल्याचे आणि उष्णतारोधक कवचाच्या नळ्यांना चिरा पडल्याचे आढळले. दुरुस्तीत वर्षे गेली.

यात आपल्या देशाचे काम मात्र अभिमान वाटावा असे झाले. सर्व यंत्र ज्याच्या पोटात बसते ती स्टेनलेस स्टीलची ३,८५० टनांची प्रचंड टाकी भारताच्या वाट्याला होती. तिचे भाग सुरतजवळ हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तयार झाले आणि शेवटचे भाग २०२० मध्ये रवाना झाले. बांधणीचा सुमारे ९ टक्के भार भारताकडे आहे. ज्ञानाचा हिस्सा मात्र करारानुसार सर्वांना सारखा.

पहिली वाट : फितीचे चुंबक

यंत्र लहान केले की किंमत उतरते. पण टोकामॅक लहान केला तर प्लाझ्मा लवकर थंड होतो. यावर उतारा म्हणजे चुंबक अधिक जोरदार करणे. शास्त्राचा नियम असा की, इतर बाबी सारख्या ठेवल्या तर चुंबकाचा जोर दुप्पट केल्यावर तेवढ्याच जागेतून १६ पट संमीलन-ऊर्जा मिळू शकते. म्हणून सर्व धडपड चुंबकावर आहे.

१९८६ मध्ये झुरिचच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ व म्युलर यांनी एका नव्या जातीच्या अतिवाहक पदार्थाचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अतिवाहकातून वीज जराही न अडता, तार न तापता वाहते. जुन्या अतिवाहकांना उणे २६९ अंशांपर्यंत थंड करावे लागे आणि फार जोरदार चुंबकक्षेत्रात ते आपला गुण सोडून देत. नवा पदार्थ त्या मानाने कमी थंडीत आणि जास्त जोरात टिकतो. पण तो चिनी मातीसारखा ठिसूळ. त्याची तार ओढता येत नाही. शेवटी पातळ धातूच्या फितीवर त्याचा केसाहून कितीतरी पातळ थर चढवण्याची हिकमत सापडली. ही फीत काही मिलिमीटर रुंद असते आणि गुंडाळून रिळावर येते.

कापडवाल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. फीत मीटरवर विकली जाते. एका रिळात सलग किती मीटर निर्दोष माल निघतो, मध्ये किती फॉल्ट येतात, यावर तिचा भाव ठरतो. ग्राहक थोडे होते तोवर भाव चढा होता. संमीलनवाल्या कंपन्यांनी शेकडो किलोमीटरच्या ऑर्डरी द्यायला सुरुवात केल्यावर कारखान्यांनी आपली क्षमता वाढवली आणि भाव उतरू लागला.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेतून २०१८ मध्ये निघालेल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टम्स या कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये २६७ किलोमीटर फीत गुंडाळून २० टेस्लाचे चुंबक चालवून दाखवले. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक साधारण दीड ते तीन टेस्लाचे असते, यावरून त्याच्या जोराची कल्पना यावी. या चुंबकांवर 'स्पार्क' नावाचा टोकामॅक मॅसॅच्युसेट्स राज्यात बांधला जात आहे. ईटरच्या प्लाझ्माच्या मध्यभागी चुंबकाचा जोर ५.३ टेस्ला, तर स्पार्कच्या मध्यभागी १२.२ टेस्ला. त्यामुळे स्पार्कच्या प्लाझ्माची जागा ईटरच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, तरीही घातली त्याहून जास्त ऊर्जा प्लाझ्मातून काढण्याचे त्याचे ध्येय आहे. कंपनीने २०२७ चे वेळापत्रक जाहीर केले आहे. तिच्या पुढच्या वीज केंद्राची २०० मेगावॅट वीज घेण्याचा करार गूगलने २०२५ मध्ये केला.

या वाटेवर दोन काटे आहेत. चुंबकाचा जोर वाढला की ते चुंबक फोडू पाहणारा ताणही वाढतो. त्याला आवरायला भक्कम पोलाद लागते. आणि यंत्र लहान झाले की तेवढीच उष्णता लहान भिंतीवर आदळते.

दुसरी वाट : मधला रस्ता

लोकांना जास्त ठाऊक असलेल्या पद्धती दोन टोकांच्या आहेत. टोकामॅकमध्ये प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पट विरळ असतो आणि तो काही सेकंद उष्णता धरून ठेवावा लागतो. त्यासाठी अवाढव्य भांडे हवे. दुसऱ्या टोकाला लेसरची पद्धत आहे. त्यात इंधनाची बारीक गोळी चारही बाजूंनी इतकी दाबतात की ती शिशाहूनही कितीतरी घट्ट होते आणि सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात काम आटोपते. त्यासाठी अवाढव्य लेसर हवेत. एकीकडे जागेचे पैसे, दुसरीकडे जोराचे पैसे.

अमेरिकेतील लिंडेमथ व सायमन या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हिशेब मांडून दाखवले की या दोन टोकांच्या मधोमध, म्हणजे मध्यम घट्टपणा आणि सेकंदाच्या लाखांश-दशलक्षांश भागाइतका वेळ, असे यंत्र सर्वांत स्वस्त पडू शकते. याच विचाराने अमेरिकी ऊर्जा खात्याच्या 'आर्पा-ई' या शाखेने २०१५ मध्ये 'अल्फा' नावाची योजना काढली आणि नऊ गटांना मिळून ३ कोटी डॉलर दिले. आजच्या दराने हे अडीचशे कोटी रुपयांच्या आसपास होतात. ईटरच्या खर्चाशेजारी ही रक्कम किरकोळ आहे.

या योजनेतून पुढे आलेली एक पद्धत म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठातून निघालेल्या झॅप एनर्जी या कंपनीची. तिच्यात बाहेरचे मोठे चुंबकच नाही. प्लाझ्माच्या बारीक धारेतून जबरदस्त वीजप्रवाह सोडतात. त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकत्व धारेला आवळून धरते. ही कल्पना जुनीच आहे. पण पूर्वी धार क्षणार्धात वाकडी होऊन तुटत असे. आता धारेचे बाहेरचे थर आणि आतले थर वेगवेगळ्या वेगाने वाहते ठेवून ती सरळ राखली जाते. २०२४ मध्ये या कंपनीने १ कोटी ते ३.७ कोटी अंशांपर्यंतचे तापमान गाठल्याचे प्रसिद्ध केले. १० कोटींपासून ते अजून दूर आहे. मात्र यंत्र एका दालनात मावते.

कॅनडातील जनरल फ्यूजन ही २००२ मध्ये स्थापन झालेली कंपनी प्लाझ्माभोवती पातळ लिथियमची भिंत ठेवून ती दट्ट्यांनी आत दाबण्याचा विचार करते. भिंतच द्रवरूप असल्याने न्यूट्रॉनने ती खराब होत नाही, आणि ट्रिटियमही तिच्यातच तयार होतो. कल्पना किफायतीची आहे. पण मे २०२५ मध्ये पैसा कमी पडला म्हणून या कंपनीला सुमारे चौथा हिस्सा नोकर कमी करावे लागले. स्वस्त वाट म्हणजे खात्रीची वाट नव्हे.

अमेरिकेतील हेलियन कंपनीचा दावा आणखी पुढचा. वाफ आणि टर्बाइन हे दोन्ही टाळून, प्लाझ्मा फुगताना चुंबकाच्या वेटोळ्यांतच सरळ वीज तयार करायची असे ती म्हणते. २०२८ पासून मायक्रोसॉफ्टला ५० मेगावॅट वीज देण्याचा करार तिने मे २०२३ मध्ये केला.

दावा आणि हिशेब

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत १९२ लेसरांनी एका गोळीवर २.०५ मेगाजूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाजूल मिळाली. घातल्यापेक्षा जास्त मिळाल्याची ही पहिलीच वेळ, आणि शास्त्राच्या दृष्टीने ती मोठी मजल होती. पण व्यापाऱ्याने मेगाजूलचे युनिट करून पाहावे. ३.६ मेगाजूल म्हणजे एक युनिट. मिळाले ते एक युनिटही नव्हते, आणि ते लेसर पेटवायला बाहेरून सुमारे ३०० मेगाजूल, म्हणजे ८३ युनिट वीज लागली होती. शंभर रुपये घालून एक रुपया हाती आला. एप्रिल २०२५ मध्ये तेथे ८.६ मेगाजूलपर्यंत मजल गेली. म्हणजे शंभराला तीन रुपयेही नाहीत. शिवाय वीज केंद्रासाठी सेकंदाला सुमारे १० गोळ्या उडवाव्या लागतील. दिवसाला ८ लाख ६४ हजार गोळ्या. गोळीमागे एक रुपया वाढला तर दिवसाचा खर्च ८ लाख ६४ हजार रुपयांनी वाढला.

इंग्लंडमधील 'जेट' या टोकामॅकने २०२३ मध्ये शेवटच्या प्रयोगांत ५ सेकंदांत ६९ मेगाजूल दिले, तेही एका ग्रॅमच्या पाच हजाराव्या हिश्श्याइतक्या इंधनातून. विक्रमच तो, युनिटमध्ये १९.

या क्षेत्रात उतावळे दावेही झाले आहेत. जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडच्या हारवेल येथील 'झेटा' यंत्रात संमीलन साधल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती मागे घ्यावी लागली. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतील युटा येथील दोन रसायनशास्त्रज्ञांनी साध्या तापमानाला पाण्याच्या भांड्यात संमीलन झाल्याचे सांगितले. इतरांना ते करून पाहता आले नाही. आपले डॉ. होमी भाभा यांच्यासारख्या जाणत्या पुरुषानेही १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत वीस वर्षांत मार्ग सापडेल असा अंदाज वर्तवला होता.

म्हणून यापुढे अशी बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. 'घातलेली ऊर्जा' म्हणजे प्लाझ्माला दिलेली, की विजेच्या खांबावरून घेतलेली? मिळालेली ऊर्जा युनिटमध्ये किती? यंत्र किती वेळ, किंवा दिवसातून किती वेळा चालले? आणि भिंत किती दिवसांनी बदलावी लागेल? या चारांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती बातमी शास्त्राची समजावी, विजेची नव्हे.

चुंबक स्वस्त झाल्यावरही उरणारा खर्च

समजा, प्लाझ्मा धरणारे यंत्र उद्या निम्म्या किमतीत मिळाले. तरी न्यूट्रॉनचा मार खाऊन भिंतीचे पोलाद कमकुवत होणार आणि किरणोत्सर्गी बनणार. त्याच्याजवळ माणूस जाऊ शकत नाही, म्हणून दुरून चालवायच्या यंत्रहातांनी ते बदलावे लागेल. तो सर्व काळ केंद्र बंद. वर मांडलेल्या हिशेबात केंद्र निम्मा वेळ बंद राहिल्यास काय होते, ते वाचकांनी पाहिलेच आहे. विखंडनाच्या भट्टीसारखा हजारो वर्षे सांभाळावा लागणारा जळालेल्या इंधनाचा कचरा यात नाही, हा मोठा गुण खरा. पण ते पोलादही काही दशके सांभाळावे लागेल.

शिवाय वाफ, टर्बाइन, जनित्र, पाणी गार करण्याची व्यवस्था, इमारत आणि तारा हा सर्व खर्च कोळशाच्या केंद्राइतकाच राहतो. माग फुकट मिळाला तरी शेड, मोटारी आणि फिटिंगचे पैसे द्यावेच लागतात, तसे हे आहे.

आणि बाजारात दुसरा दुकानदारही बसला आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत सौरविजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला. दिवसाच्या उजेडात या भावाशी संमीलनाने टक्कर द्यावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याची जागा रात्रपाळीची आहे : सूर्य नाही, वारा नाही, आणि कारखान्यांना, शहरांना अखंड वीज हवी आहे अशा वेळेची. तेथे त्याला साठवलेल्या सौरविजेशी आणि विखंडनाच्या अणुविजेशी भावात उतरावे लागेल. बॅटरीचा भावही दरम्यान एका जागी थांबलेला नाही.

आपल्यासाठी यात काय आहे?

खाजगी कंपन्यांत जगभर ९ अब्ज डॉलरहून अधिक पैसा २०२५ पर्यंत आला, आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेत आहे. चीन सरकारी बळावर वेगाने पुढे सरकत आहे. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामॅक १९८९ पासून आणि 'एसएसटी-१' २०१३ पासून प्लाझ्मा देत आला आहे. विद्या आहे, थळचे जड पाणी आहे, हजिऱ्याचे कारागीर आहेत. नाही ती फीत मोठ्या प्रमाणावर बनवणारी कारखानदारी. ज्याच्याकडे फितीचा कारखाना असेल तो भाव सांगेल, आणि ज्याच्याकडे नसेल तो त्या भावाने घेईल. सूत परक्याच्या हाती असले की मागवाल्याची काय गत होते, हे कापडाच्या बाजाराला शिकवावे लागत नाही. ईटरमध्ये भारताने भाग बनवून ज्ञान मिळवले. आता स्वस्त यंत्राच्या सुट्या भागांत, म्हणजे फीत, मोठे विद्युत कॅपॅसिटर आणि निर्वात भांडी यांत, हात घातला नाही तर पुढे हे सर्व आयात करावे लागेल.

वाचक बंधूंना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. संमीलनाच्या नावाने कोणी शेअर, ठेव किंवा एजन्सी विकायला आला तर पैसे देऊ नयेत. आजमितीस जगातल्या एकाही कंपनीने संमीलनाची वीज ग्राहकाला विकलेली नाही. जे पैसे घालत आहेत ते बुडाले तरी चालतील अशा तयारीने घालणारे मोठे भांडवलदार आहेत. दुसरी गोष्ट आपल्या मुलांविषयी. निर्वात भांड्याचे वेल्डिंग, अतिशीत यंत्रणा, जबर दाबाच्या विजेची जोडणी आणि अचूक यंत्रकाम ही हुन्नरे संमीलन यशस्वी होवो वा न होवो, उपाशी ठेवणार नाहीत. आयटीआय किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

राहिला विजेच्या बिलाचा प्रश्न. येत्या दहा वर्षांत संमीलनामुळे ते कमी होईल अशी आशा कोणी धरू नये. कारखान्याच्या छपरावर सौर पत्रे बसवायचे की नाहीत, जुन्या मोटारी बदलायच्या की नाहीत, हे निर्णय संमीलनाची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही. मात्र फितीचा मीटरमागचा भाव आणि यंत्र वर्षात चालण्याचे दिवस, या दोन आकड्यांवर लक्ष ठेवावे. पहिला उतरू लागला आणि दुसरा चढू लागला, की समजावे वीज बाजारात यायला निघाली.